चाकावर घागर होत नाही

घागर चाकावर होते, असं मी 21 वर्षं वर्गात सांगत आले. सहावीला सातवाहन शिकवताना फळ्यावर चाक काढायचं, मधोमध मातीचा गोळा, दोन्ही बाजूंनी हात, की झाली घागर. गेल्या उन्हाळ्यात धाराशिव जिल्ह्यातल्या तेरजवळच्या एका गावात कुंभाराच्या अंगणात पाच आठवडे काढले, तेव्हा कळलं की त्या चित्रात घागरीचा गळा तेवढा खरा होता.

गेले ते रांजणापायी. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपात आजीचं दगड-मातीचं घर बसलं. माणसं वाचली. ढिगारा उपसताना परसात गळ्यापर्यंत पुरलेला रांजण अख्खा निघाला आणि आजीबरोबर लातूरला आमच्या घरी आला. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं, तेव्हा घरभर प्लॅस्टिकची पिंपं होती, पण प्यायचं पाणी त्या रांजणातलंच. दोन वर्षांपूर्वी घराला रंग देताना तो सरकवला आणि तुळशीच्या कट्ट्यावर आपटून फुटला. तुकडे गोळा करताना पाहिलं, तर आतल्या बाजूला लिंबाएवढे उथळ खळगे होते, एकाशेजारी एक, ओळीने. बाहेरून रांजण गुळगुळीत आणि आतून असा. हे खळगे कशाचे, हे मला सांगता येईना. आजीही नव्हती विचारायला.

तसा रांजण पुन्हा कुठे मिळेना. बाजारात माठ होते, ट्रकने आलेले, नळ लावलेले. विचारत विचारत मी या कुंभारमामांच्या दारात पोचले. मामा साठीच्या पुढचे. त्यांनी रांजणाचा तुकडा हातात घेतला, नखाने टिचकी मारली, कानाशी धरला. "आता रांजणाला माती न्हाई आन् खांदाबी न्हाई, मॅडम. घागर करतो आम्ही. शिकायची असंल तर या." शिकायचं मी बोललेही नव्हते. पण उन्हाळ्याची सुट्टी लागायची होती, आणि मी हो म्हणून गेले.

पहिले चार दिवस चाकाकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. मामांनी मला तळ्यावर नेलं.

तळं आटलं होतं. एका कडेला जेसीबी गाळ उपसत होता, ट्रॅक्टरची रांग लागली होती. 2017 पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' सुरू झालं आणि शेतकरी तळ्यातला गाळ रानात टाकू लागले. शेताला त्याचा फायदाच आहे, माझ्या माहेरच्या माळरानावरही टाकलाय. पण कुंभाराला त्यातली चार-पाच खेपा मातीच हवी असते, तीही वरची नको, हातभर खालची, आणि जेसीबी काही थर बघून उकरत नाही. मामा पहाटे पाचला जायचे ते यंत्राच्या आधी आपला कोपरा गाठायला. त्यांच्या वडलांकडे पाच गाढवं होती. आता भाड्याचा टेम्पो.

मराठवाड्याची काळी माती कापसाला, तुरीला चांगली. कुंभाराला ती तशीच्या तशी चालत नाही. बेसॉल्टचा खडक झिजून ती झालेली, आणि तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं जे चिकणखनिज आहे ते थराथरांत पाणी ओढून घेतं. पाणी प्यायली की ही माती फुगते, वाळली की आक्रसते. उन्हाळ्यात रानात पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. नुसत्या काळ्या मातीची घागर केली तर वाळता वाळताच तिला तशा भेगा जातात. म्हणून तळ्याचा गाळ. पाण्याने वाहून आणताना जाड कण आधीच कुठे कुठे टाकून दिलेले असतात, तळाशी बसतो तो मऊ आणि एकसारखा. त्यातही मामा माळाची तांबूस माती मिसळतात, तीन टोपल्यांना एक. वर चाळलेली राख आणि घोड्याची वाळलेली लीद, हाताने चुरून. लिदीतलं बारीक तण वाळताना मातीला धरून ठेवतं आणि आव्यात, म्हणजे कुंभाराच्या भट्टीत, जळून जातं. ते जळाल्यावर त्याच्या जागी जी बारीक भोकं उरतात, त्यांतून घागर पाझरते आणि पाणी गार होतं. घागरीच्या अंगावर आलेला ओलावा वाऱ्याने उडून जाताना आतली उष्णता घेऊन जातो, हे मी विज्ञानाच्या तासाला बदली म्हणून गेले की शिकवलं होतं. त्यात लिदीचा हात आहे हे पुस्तकात नव्हतं.

माती ओळखायची मामांची रीत साधी आहे. चिमूटभर ओली माती दोन दातांमध्ये धरायची. करकरली तर वाळू जास्त. मग करंगळीएवढी वळी करून बोटाभोवती गुंडाळायची. तडकली तर गाळ वाढवायचा, बोटाला चिकटून बसली तर राख. मी चार वेळा चुकले, पाचव्यांदा मामा काही बोलले नाहीत. ते न बोलले की बरोबर असतं, हे पुढे सगळ्याच बाबतीत लक्षात आलं.

आणि चुनखडी. आमच्याकडच्या जमिनीत चुनखडीचे पांढरे खडे जागोजाग असतात. मोठे चाळणीत अडकतात. हरभऱ्याच्या डाळीएवढे असतात ते मात्र चाळणीतून खाली उतरतात आणि हातालाच शोधावे लागतात. मामी मळताना बोलत असायच्या, सुनेला काही सांगत असायच्या, आणि मधेच दोन बोटं मातीत खुपसून एक कण काढून भिंतीकडे फेकायच्या. भिंतीच्या पायथ्याला त्या खड्यांची पांढरी रेघ झाली होती. "ह्यो राह्यला तर घागर खाणार," एवढंच त्यांनी सांगितलं. का खाणार, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

माती खड्ड्यात भिजत पडली होती तेवढ्यात चैत्र वद्य त्रयोदशी आली, गोरोबाकाकांची पुण्यतिथी. परंपरेने समाधीचं वर्ष शके 1239, म्हणजे 1317, मानतात. तेरणेच्या काठी तेरला त्यांचं मंदिर आहे, आणि त्या दिवसांत या घरात चाक फिरत नाही. आम्ही सगळे आदल्या दिवशीच तेरला गेलो.

गोरोबांची गोष्ट आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असते. विठ्ठलाचं नाव घेत चिखल तुडवताना पायाखाली स्वतःचं मूल आलेलं त्यांना कळलं नाही. मी ती कीर्तनात किती वेळा ऐकली असेन. पण ज्याने स्वतः चिखल तुडवला त्याला ती वेगळी ऐकू येते. दोन दिवस मीही तुडवला होता. गुडघ्यापर्यंत पाय जातात, टाच दाबून फिरवत मधून कडेला आणि कडेकडून परत मध्ये यायचं, पावलांना एक लय लागते, आणि खरोखर पायाखाली काय आहे याची शुद्ध राहत नाही. मंदिरात उभी असताना माझ्या पोटऱ्या दुखत होत्या आणि त्या गोष्टीतल्या आईचाच विचार डोक्यातून जात नव्हता.

दुपारी मी मामांना संग्रहालयात घेऊन गेले. तेरचे रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या वस्तूंमधून ते उभं राहिलं. तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक भाषेतल्या व्यापारी माहितीग्रंथात पैठण आणि तगर या दोन्ही बाजारपेठांची नावं आहेत. इथला माल गाड्यांतून भडोचच्या बंदराला जायचा. हे सगळं मी मामांना उत्साहाने सांगत होते. ते ऐकत होते की नाही कोण जाणे, काचेला नाक लावून मातीच्या बाहुल्या बघत होते.

सातवाहन काळातल्या त्या लहान मूर्ती, काही केओलिन या पांढऱ्या मातीच्या. मी त्या कितीदा मुलांना सहलीत दाखवल्या होत्या. केशरचना बघा, दागिने बघा, असं सांगत. मामा म्हणाले, "दोन साच्यांची हाय. ह्ये बघा, कानामागून सांधा गेलाय." गेला होता. पुढचा भाग एका साच्यात, मागचा दुसऱ्यात, आणि ओलं असतानाच दोन्ही जोडलेले. "आन् आतून पोकळ असणार. भरीव असती तर आव्यात फुटली असती. आतल्या पाण्याची वाफ जाणार कुठून?" साच्याची गोष्ट पुरातत्त्वाची पुस्तकं सांगतात तशीच त्यांनी सांगितली, फक्त पुस्तक न उघडता.

मग आतून काळं, बाहेरून तांबडं असं खापर. हे वाडगे मी वर्गात 'काळी-तांबडी मृद्भांडी' म्हणून पाठ करून घेते. मामा म्हणाले, पालथं घालून भाजलंय, आत भुस्कट कोंबलं असणार, आतल्या अंगाला हवा लागली नाही म्हणून काळं राहिलं. शेजारी एका मोठ्या, जाड भांड्याचा तुकडा होता, आतली बाजू आमच्याकडे. त्याच्यावर लिंबाएवढे उथळ खळगे. एकाशेजारी एक, ओळीने.

"ह्ये काय, मामा?"

"गुंड्याचं हाय की." त्यांना प्रश्नच विचित्र वाटला. "परवापासून मामीसंगं बसा. कळंल."

मी तिथे बराच वेळ उभी राहिले. काय बघूलालाव, चला, म्हणून मामांनी दोनदा हाक मारली.

चाकाचं थोडक्यात सांगते, कारण त्याबद्दल सगळेच सांगतात. मामांकडे दोन चाकं आहेत. एक जुनं, आऱ्यांचं, जाड घेराचं, खुंट्यावर तोललेलं. घेराच्या भोकात काठी घालून गरगर फिरवायचं, की त्या वजनानेच ते बराच वेळ फिरत राहतं. दुसरं विजेवरचं, खादी ग्रामोद्योग आयोगाच्या 2018 मधल्या कुंभार सशक्तीकरण योजनेतलं. जुन्या चाकाला या घरात बायका हात लावत नाहीत. मला हे पटलं नाही आणि मी मामांना तसं बोलले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विजेच्या चाकाकडे बोट दाखवलं. त्याच्यावर त्यांची सून बसते, तिला कुणी अडवत नाही. मीही त्याच्यावरच शिकले.

गोळा मधोमध बसवायचा, हीच सगळी अडचण. हात मातीला रेटत नाहीत, माती हातांना रेटते. कोपर मांडीला टेकवून अंग घट्ट केलं तेव्हा कुठे सातव्या दिवशी गोळा थरथरायचा थांबला. मग अंगठा आत, भोक मोठं करत नेणं, भिंत उचलणं, आणि शेवटी ओल्या फडक्याने गळा आणि काठ. गळ्यावर मामा फार वेळ घालवायचे. भिंतीकडे मात्र त्यांचं लक्षच नसायचं. मी भिंत पातळ करायला गेले की हात धरायचे. "राहू द्या जाड." दोऱ्याने कापून खाली उतरवलं की जे निघायचं त्याला घागर म्हणवत नव्हतं. बसकं, दीड बोट जाड, जेमतेम वीतभर उंच. वर मात्र देखणा, पूर्ण झालेला गळा. मला वाटलं, माझंच बिघडलं. मामांनी केलेलीही तशीच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामींनी मला पोत्यावर बसवलं आणि एका हातात थापटणं दिलं, दुसऱ्यात गुंडा. थापटणं म्हणजे लाकडी फळी, मूठ असलेली, वापरून वापरून मधे किंचित खोलगट झालेली. गुंडा दगडाचा, आंब्याच्या कोयीसारखा गोलसर, मागे धरायला जागा. मामींचा गुंडा त्यांच्या सासूचा. त्याच्यावर बोटांच्या जागी घळी पडल्यात.

चाकावरून उतरलेलं ते बसकं भांडं एक रात्र सावलीत ठेवलेलं असतं. हाताला ओलं लागत नाही, पण दाबलं तर दबतं, जुन्या चामड्यासारखं. ते मांडीवर घ्यायचं, आत राख भुरभुरायची म्हणजे गुंडा चिकटत नाही. डावा हात गळ्यातून आत, गुंडा भिंतीला आतून टेकवलेला. उजव्या हाताने बाहेरून नेमक्या त्याच जागी थापटणं. गुंडा तिळभर सरकला की थापटणंही सरकणार. डोळ्यांना फक्त बाहेरचा हात दिसतो. आतला हात आवाजावर चालतो. बरोबर समोरासमोर बसलं तर आवाज भरीव येतो, चुकलं तर फुसका.

माझा तिसराच घाव चुकला आणि भिंतीत आरपार भोक पडलं.

"आतून धरल्याबिगर वरून मारलं की असंच हुतंय," मामी म्हणाल्या. त्यांनी भोकावर मातीची टिकली लावली, राख लावली, आणि माझ्या आतल्या हातावर आपला हात धरून दहा-बारा घाव मारले. आम्हा दोघींचे हात गळ्यातून जाईनात, म्हणून गळा थोडा पसरला. तो तसाच राहिला.

एक फेरी झाली की भांडं पुन्हा सावलीत. दुपारी दुसरी फेरी. रात्रभर वाळवून सकाळी तिसरी, लहान हलक्या थापटण्याने. प्रत्येक फेरीला भिंत पातळ होते आणि घागर फुगते, जणू आतून कुणी फुंकतंय. बसकं भांडं होतं त्याची दोन दिवसांत दीड वीत उंचीची गोल पोटाची घागर झाली. दीड बोटाची भिंत एक सूत, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाएवढी, राहिली. मामींच्या हातची तर कुठेही चाचपा, जाडी तीच. माझ्या घागरीला एका बाजूला पोक होतं.

म्हणजे पोट, बूड, जाडी, वजन, आवाज, पाणी किती मावणार आणि किती गार होणार, हे सगळं थापटण्यावर ठरतं. चाकाचं म्हणून घागरीत जे शेवटपर्यंत राहतं तो फक्त गळा. आणि थापटणं या घरात मामी करतात, गेली चाळीस वर्षं. बाजारात मात्र 'मामांची घागर' म्हणूनच विकली जाते. पुस्तकातल्या चित्रातही चाकावर बसलेला माणूसच असतो. मी यंदापासून फळ्यावर दोन चित्रं काढते.

तिसऱ्या फेरीनंतर मी माझ्या घागरीत हात घालून आतून बोटं फिरवली. खळगे होते. एकाशेजारी एक, माझ्या गुंड्याचे. रांजण ज्याने किंवा जिने घडवला, त्याच्याही आतल्या हाताची ती खूण होती, आणि संग्रहालयातल्या त्या तुकड्यातलीही. बाहेरची बाजू घोटून गुळगुळीत करतात. आत हात घालून कोण बघणार, म्हणून आतली तशीच राहते. आपेगावचं आठवलं. पैठणजवळचं ते गाव आपण ज्ञानेश्वरांचं म्हणून ओळखतो. तिथे 1976 मध्ये उत्खनन झालं आणि ताम्रपाषाण काळातली वस्ती निघाली. 3000 वर्षांपूर्वीची, तांबड्यावर काळी नक्षी काढलेली जोर्वे पद्धतीची खापरं. वाजवली तर धातूसारखी वाजतात असं त्यांचं वर्णन करतात. आता अशा वर्णनात मी आधी आवाज वाचते, नक्षी नंतर.

गळ्यापासून बुडापर्यंत कावेचं, म्हणजे तांबड्या मातीचं, पाणी फडक्याने लावलं, गुळगुळीत गोट्याने घोटलं आणि घागरी ओसरीत वाळायला ठेवल्या. उन्हात मुळीच नाही, आणि वाऱ्यातही नाही. एका अंगाने वारा लागला तर ते अंग आधी आक्रसतं आणि घागर उभी चिरते. मामींनी ओसरीला साडी बांधली होती, ती उन्हासाठी नव्हे, दुपारच्या झळांसाठी. मी घागरीच्या काठाचं माप घेऊन ठेवलं होतं. ओली असताना 18 सेंटिमीटर, वाळल्यावर साडेसोळा. कुंभार घागर करतो ती नेहमी थोडी मोठी, वाळण्याचा हिशोब धरून. याचं कोष्टक कुठे लिहिलेलं नाही.

आव्याचा दिवस मामांनी ठरवला आणि दोनदा बदलला. अवकाळीचे ढग येत होते. तिसऱ्यांदा आभाळ निवळलं तेव्हा दुपारपासून रचायला घेतलं. जमिनीत उथळ गोल खळगा. तळाला तुराट्या आणि गवऱ्या, त्यावर पालथ्या घागरी, मोठ्या मधे, लहान कडेला. सांध्यांमध्ये पणत्या, बोळकी, झाकण्या आणि पोळ्यासाठी आत्ताच करून ठेवलेले मातीचे बैल. मधून मधून गवऱ्या, सोयाबीनचं भुस्कट. पूर्वी लाकूड असायचं, आता लाकूड परवडत नाही. सगळ्यात वर फुटक्या मडक्यांची खापरं कौलांसारखी मांडायची, त्यावर ओलं पाचट आणि राखेचा चिखल. माझी घागर मामींनी मधल्या रांगेत घातली. नव्या माणसाची घागर कडेला घालतात, असं सून मला हळूच म्हणाली होती.

वारा पडल्यावर सात वाजता पेटवलं, एका बाजूने, अगदी थोडं. पहिला धूर पांढरा येतो. ती वाफ असते. घागर कोरडी दिसली तरी तिच्यात पाणी असतं, ते शंभर अंशांच्या आसपास निघून जातं. या वेळी घाई केली तर वाफ भिंत फोडून बाहेर पडते. म्हणून दोन तास मामा आगीला भडकू देत नाहीत, जिथे ज्वाळा दिसेल तिथे चिखलाचा थापा. तरी दोनदा आतून धप्प आवाज आला. मामींनी दोन्ही वेळा कानोसा घेतला. "बोळकं," पहिल्यांदा म्हणाल्या. दुसऱ्यांदा, "घागर." मी विचारलं नाही कुणाची.

पाणी मातीत दोन तऱ्हांनी असतं. एक असं भिजलेलं, आणि दुसरं मातीच्या कणाच्या घडणीतच बांधलेलं. ते दुसरं पाचशे-सहाशे अंशांच्या दरम्यान सुटतं, आणि ते एकदा सुटलं की माती परत माती होत नाही. कितीही भिजवा, विरघळणार नाही. वाळलेली कच्ची घागर पाण्यात ठेवली तर तासाभरात तिचा चिखल होतो. भाजलेलं खापर दोन हजार वर्षं तेरच्या ढिगाऱ्यात राहून नांगराला लागतं. मधे फक्त ही एक रात्र. दहाच्या सुमाराला धूर काळपट झाला, मग पातळ, आणि मध्यरात्रीनंतर धूर दिसेनासाच झाला. वरच्या खापरांच्या फटीतून आतला रंग दिसत होता, पळसाच्या फुलासारखा. असा उघडा आवा सातशे-आठशे अंशांच्या पुढेमागे जातो. मामांकडे तापमापक नाही, ते त्या फटीतल्या रंगाकडे बघतात. रात्री दोनला ते म्हणाले, झालं, आणि तिथेच बाजेवर आडवे झाले. मला झोप आली नाही.

तो दिवस गेला, रात्र गेली, मग उघडलं. राख बाजूला करून एकेक काढायचं आणि टिचकी मारायची. 140 नगांपैकी 17 फुटले किंवा चिरले होते. दोन बैलांची शिंगं गेली होती. माझी घागर अख्खी निघाली. एका अंगाला काळा डाग होता, तिथे शेजारची घागर टेकून हवा अडली होती. मामींनी टिचकी मारली आणि ती माझ्या हातात दिली. मीही मारली. आजीच्या रांजणासारखी नाही वाजली. तरी वाजली.

लातूरला एसटीत मांडीवर घेऊन आले. पहिल्या दिवशी पाणी भरून ओतून दिलं, दुसऱ्या दिवशी भरून ठेवलं. संध्याकाळी बाहेरून सगळं अंग ओलसर, आणि पाण्याला मातीचा वास. घरातल्या सगळ्यांना मी तेच पाणी दिलं. माझी मुलगी दोन ग्लास प्यायली आणि पोकावरून हात फिरवत राहिली.

अकराव्या रात्री स्वयंपाकघरात टप्प झालं. सकाळी पाहिलं तर पोटावरून रुपयाएवढी खपली उडाली होती, तिच्या मधोमध एक पांढरा ठिपका, आणि तिथून खाली ओल धरलेली बारीक चीर. संध्याकाळपर्यंत घागर रिकामी झाली.

पुढच्या रविवारी ती घेऊन मी गावी गेले. मामींनी पांढऱ्या ठिपक्याला बोट लावलं, जिभेला लावलं. "चुना." आव्यात तो खडा भाजून कळीचा चुना होतो, मग घागरीत पाणी भरलं की ओल पिऊन फुगतो आणि आतून भिंत उचलतो. हरभऱ्याच्या डाळीएवढाही नव्हता. मला तो दिवससुद्धा आठवला. शेवटची एसटी साडेपाचची होती आणि मी माती दोनदा मळायची ती एकदाच मळली होती.

त्या दिवशी त्यांचा पुढचा आवा रचून झाला होता. मामींनी माझी घागर दगडावर हलकेच आपटली, तुकडे निवडले आणि एकेक करून रचलेल्या मडक्यांवर मांडायला लागल्या. मी पण मांडले. खळग्यांची बाजू वर. गळ्याचा तुकडा उरला, तो त्यांनी सगळ्यात वरच्या फटीवर पालथा ठेवला, जिथून मामा रात्री रंग बघतात. मग ओलं पाचट, मग चिखल. वारा पडायची आम्ही वाट बघत बसलो.